मौलवीसाहेबांची रोजची एक चूक

या वार्षिकाच्या संपादकांनी मला पाठवलेल्या पत्रात माझ्याविषयी चार गोष्टी लिहिल्या आहेत. वर्गात हसू आणणारे पहिले मास्तर, छडी टाकून देणारे मास्तर, मुलांचे लाडके मास्तर आणि वयोवृद्ध. यातली चौथी तेवढी निखालस खरी आहे.

दोष संपादकांचा नाही. तीस वर्षं लोक मला असं म्हणत आले आणि तीस वर्षं मी मान खाली घालून, ओठांत हसत ते ऐकून घेतलं. त्याला लोक नम्रपणा समजले. आता तर प्रकरण फार पुढे गेलं आहे. दिवाळीनंतरच्या रविवारी माझे जुने विद्यार्थी माझा सत्कार करणार आहेत आणि शाळेच्या नव्या खोलीवर माझ्या नावाची पाटी बसणार आहे. पाटी रंगवून झाली, असं मन्मथ परवा सांगून गेला. तिचा रंग वाळायच्या आत हे लिहून झालेलं बरं.

नेकनूरच्या पुढे दोन कोसांवर एक गाव आहे. नाव सांगत नाही. निजामाचं राज्य भर ज्वानीत होतं तेव्हा मी तिथे मास्तर होतो. चावडीच्या मागे एक लांबट खोली, तिच्या मधोमध बांबूचा तट्ट्या. तट्ट्याच्या अलीकडे मराठी आणि हिशेब शिकवणारा मी, पलीकडे उर्दू शिकवणारे मौलवीसाहेब. सरकारी कारभार सगळा उर्दूत. गावात मात्र बांधावरचं भांडणसुद्धा मराठीत. त्यामुळे पोरांना दोन्ही शिकावं लागे. दुपारपर्यंत निम्मी पोरं माझ्याकडे, निम्मी त्यांच्याकडे. दुपारनंतर अदलाबदल. शुक्रवारी सुट्टी.

मी मारकुटा होतो, हे आधीच सांगतो. त्या काळात ते सांगण्यासारखं काही नव्हतंच. बाप पोराला घेऊन यायचा, उंबऱ्यावर उभा राहायचा आणि म्हणायचा, “मास्तर, हाडं आमची, कातडं तुमचं.” एवढं बोलून निघून जायचा. मी कातड्याचा हिशेब चोख ठेवत असे. निरगुडीची फोक चांगली लवते आणि लवकर मोडत नाही, हे ज्ञान मला माझ्या मास्तरांकडून पाठीमार्फत मिळालं होतं. ते मी पुढे दिलं. माझ्या वर्गात शांतता इतकी असे की माशी बसलेली कळावी. मी त्याला शिस्त म्हणायचो.

मौलवीसाहेब पहिल्यांदा आले तेव्हा आधीच पन्नाशीला टेकलेले होते. उंच, जरा वाकलेले, दाढीला मेंदी. बरोबर आंधळी म्हातारी आई, एक लोखंडी पेटी आणि चार कोंबड्या. पहिल्याच दिवशी तट्ट्याच्या पलीकडून हसण्याचा असा काही गदारोळ उठला की मला वाटलं छपरातून साप पडला. धावत गेलो. पाहतो तो मौलवीसाहेब दोन्ही कान दोन्ही हातांत धरून उठाबशा काढत आहेत, आणि पोरं मोजत आहेत!

“क्या हुआ?” मी विचारलं. माझं उर्दू तेवढंच.

“काही नाही पंतजी,” ते धापा टाकत म्हणाले, “माझी चूक सापडली.”

त्यांची पद्धत सांगतो. शिकवताना रोज एक चूक मुद्दाम करायची. एकच. केव्हा, कुठे, ते कुणाला सांगायचं नाही. ज्या पोराला ती सापडेल त्याने उभं राहून “चूक!” म्हणायचं आणि बरोबर काय ते सांगायचं. मग मौलवीसाहेबांनी कान धरून पाच उठाबशा काढायच्या. पोराने भलतीच चूक पकडली, म्हणजे चूक नव्हतीच, तर त्याला शिक्षा नाही. उलट मौलवीसाहेब म्हणायचे, “वा, शिकार हुकली, पण कुत्रा जागा आहे!” आणि पुढे शिकवायला लागायचे.

एवढंच. पण या एवढ्याशा गोष्टीने काय होत होतं, ते मला कळायला फार वर्षं लागली. चूक पकडायची म्हणून पोरं कान टवकारून बसत. आपली चूक झाली तर काय, ही भीती निघून जाई, कारण समोर दाढीवाला माणूस रोज चुकत होता आणि मरत नव्हता. शिवाय हसणं कुणा पोराच्या अंगावर कधीच जात नसे. काळा, लंगडा, बोबडा, गरीब, कुणीही असो, हसायचं ते मास्तराला. गावातला दुसरा कुठलाही विनोद तेव्हा या नियमाने चालत नव्हता.

धनगराच्या तुकाची गोष्ट सांगितली पाहिजे. प्लेगात त्याची आई गेली आणि पोरगं बोलायचंच बंद झालं. दोन महिने. शाळेत यायचं, पाटी मांडीवर घ्यायचं आणि दाराबाहेर बघत बसायचं. मी गोड बोलून पाहिलं, दरडावून पाहिलं आणि शेवटी एकदा फोकही ओढली. त्याने हूं की चूं केलं नाही. मला त्या वेळी वाटलं, पोरगं निगरगट्ट आहे.

मौलवीसाहेबांच्या उर्दू पुस्तकात शेळीचं चित्र होतं. एके दिवशी त्यांनी ते चित्र मुलांसमोर धरलं आणि म्हणाले, “हा उंट. उंट वाळवंटात राहतो. उंटाच्या पाठीवर माणूस बसतो.” पोरांना चूक कळली, दहा जणांनी तोंडं उघडली. मौलवीसाहेबांनी डोळ्यांनी त्यांना गप्प केलं आणि तुकाकडे न बघता उंटाचं वर्णन चालू ठेवलं. उंट किती पाणी पितो, उंटावर बसून मक्केला कसं जातात... मी तट्ट्याच्या फटीतून पाहत होतो. तुका चुळबुळायला लागला. धनगराच्या पोराने किती सहन करावं? शेवटी तो ताडकन उठला आणि ओरडला, “शेळी हाय ती! शेळी! उंट कावून म्हणायलात?”

“पक्की शेळी आहे?”

“तर! गाभण हाय. प्वाट बगा की!”

मौलवीसाहेबांनी त्या दिवशी पाचाऐवजी दहा उठाबशा काढल्या. गाभण आहे हे ओळखलं नाही, म्हणून पाच जास्त. तुका मोजत होता. सहावर आला तेव्हा हसायला लागला, आठवर आला तेव्हा रडायला लागला, आणि दहा झाल्यावर दोन्ही एकदम करत खाली बसला. दुसऱ्या दिवसापासून पोरगं बोलायला लागलं.

हे पाहून मला आनंद व्हायला हवा होता. मला राग आला. जे माझ्या फोकेला जमलं नाही, ते कागदावरच्या शेळीला जमलं होतं.

गावातही खळबळ कमी नव्हती. महादप्पा वाणी एके सकाळी दुकान टाकून शाळेत आले. सोबत त्यांचा मन्मथ, कानाला धरलेला. हाच तो पाटी रंगवून घेणारा मन्मथ. आज त्याला नातवंडं आहेत.

“मास्तर, ह्या पोराला काय शिकवायलाव तुमी?” महादप्पा म्हणाले. “काल दुकानात गिऱ्हाईक व्हतं. म्या म्हनलं, गूळ ताजा हाय. तर हे बेनं पोत्यावर उभं ऱ्हाऊन वरडतंय, ‘चूक! मागच्या साली आणलेला हाय. आप्पा, धरा कान!’ चार माणसांत!”

“मग धरलेत?” मौलवीसाहेबांनी तट्ट्यावरून डोकं काढून विचारलं.

“म्या कशापायी धरू?”

“गूळ ताजा होता?”

महादप्पांनी पोराचा कान सोडला. “तसा... खायाजोगा व्हता.”

“मग निम्मे धरा. एकच कान.”

महादप्पांना हसू फुटलं आणि ते आवरायला ते पाठ फिरवून निघून गेले. त्यानंतर त्यांच्या दुकानात गूळ दोन पोत्यांत राहू लागला, नवा वेगळा आणि जुना वेगळा.

देशमुखांची तऱ्हाच निराळी. त्यांची तक्रार, “आमचं पोरगं वडीलधाऱ्यांसमोर दात काढतं.” ते पागोटं सावरत वर्गाच्या मागे येऊन बसले, पुरावा गोळा करायला. मौलवीसाहेब बेरीज-वजाबाकीचे उर्दू शब्द सांगत होते. पाव घटका गेली असेल, आणि देशमुखच मांडीवर थाप मारून ओरडले, “चूक! तेरा न्हाई, चौदा!” मौलवीसाहेबांनी अदबीने कान धरले. मग जे हसू फुटलं त्यात देशमुखांचं पागोटं सुटलं. जाताना म्हणाले, “मौलवीसाब, उद्या कोणत्या वख्ताला चुकनार हाव?”

माझा वर्ग मात्र मेलेलाच. आणि एक दिवस तट्ट्यापलीकडची ती खोड माझ्याकडे आली.

मी मराठीच्या पुस्तकातला भूगोलाचा धडा घेत होतो. बोलण्याच्या भरात म्हणालो, “बीड शहरातून मांजरा नदी वाहते.” खरोखरची चूक. मांजरा आमच्या बाजूची, रोज तोंडात असलेली, जीभ घसरली. मन्मथ उठला, आनंदाने लालबुंद होऊन. “चूक! बिंदुसरा! गुर्जी, धरा कान!”

त्याला वाटलं, मीही खेळात आलो. सबंध वर्ग तसाच समजला. दोन वर्षांत पहिल्यांदा माझ्या वर्गात पोरं हसली, मोकळं, मनापासून, माझ्याकडे प्रेमाने पाहत.

मी मन्मथला मारलं. किती ते लिहीत नाही. फोक मोडली, एवढं सांगतो.

संध्याकाळी मौलवीसाहेब माझ्या ओट्यावर आले. मला वाटलं, भांडतील. ते म्हणाले, “पंतजी, तुमची चूक फुकट गेली. मी बिचारा रात्रभर विचार करून एक चूक काढतो. तुम्हाला अल्लाने आयती दिली होती. कान धरले असते तर त्या पोरांनी जन्मभर तुमच्यासाठी जीव टाकला असता.”

ते हसत होते. ते हसणं मला सुईसारखं बोचलं. त्याच आठवड्यात मी ठरवलं, की हा माणूस या गावातून गेला पाहिजे.

आता जे सांगणार आहे, त्यावर मी स्वतः कितीदा तरी हसलो आहे आणि दर वेळी हसू अर्ध्यावर थांबलं आहे.

शाळा तपासायला बीडहून मोहतमिमसाहेब येत. तक्रारअर्ज त्यांच्याकडे करायचा, तो उर्दूत हवा. माझं उर्दू ‘क्या हुआ’च्या पुढे फारसं गेलेलं नव्हतं. गावात चांगलं उर्दू लिहिणारा माणूस एकच. गावातले सगळे अर्ज, बांधाचे, विहिरीचे, सासऱ्याविरुद्धचे जावयाचे आणि जावयाविरुद्धचे सासऱ्याचे, शुक्रवारी लिंबाखाली बसून मौलवीसाहेबच लिहून देत, तेही फुकट. म्हणून मी मौलवीसाहेबांविरुद्धचा अर्ज लिहून घ्यायला मौलवीसाहेबांकडे गेलो.

चौसाळ्याकडे माझा एक सोयरा आहे, अशी सुरुवात केली. त्याच्या गावातला शिक्षक वर्गात मुलांना हसवतो, त्यामुळे दरारा उरलेला नाही, गावकऱ्यांना त्याची बदली हवी आहे.

“हसवतो?” मौलवीसाहेब लेखणी बुडवत म्हणाले. “हा तर माझा भाऊच निघाला. आणखी काय करतो?”

“एवढंच. हसवतो.”

“एवढ्यावर साहेब पान उलटणार नाहीत, पंतजी. अर्जाला जरा वजन पाहिजे. थांबा, मी घालतो.”

आणि त्यांनी घातलं. टपोऱ्या, सुरेख अक्षरात पानभर लिहिलं. शिक्षकाचं आणि गावाचं नाव लिहायची जागा कोरी ठेवली. मग मला मराठीत अर्थ सांगितला: ‘सदर शिक्षक पोरांच्या देखत स्वतःचे कान धरून उठाबशा काढतो, त्यामुळे सरकारी हुद्द्याची बेअदबी होते आणि रयतेच्या मनातला धाक नाहीसा होतो.’

“कसं वाटतं?”

“छान,” मी म्हणालो.

त्यांनी कागद वाळवला, माझ्या हातात दिला, पण लगेच सोडला नाही. “आपला रिवाज तुम्हाला माहीत आहे. रोज एक चूक. आजची या अर्जात ठेवली आहे. तुमच्या सोयऱ्याला म्हणावं, सापडली तर अर्ज पाठवू नको. न सापडली तर त्याची मर्जी.”

मी घरी येऊन तो कागद दिव्याजवळ धरला, खूप पाहिला. मला कसली सापडते चूक? कुठे एखादा नुक्ता, म्हणजे अक्षराचा ठिपका, इकडचा तिकडे असेल, असं समजलो. नावं लिहिण्यापुरतं उर्दू मला येत होतं. कोऱ्या जागी त्यांचं नाव भरलं, आमच्या गावाचं नाव भरलं, खाली ‘गावकरी’ असं लिहिलं आणि अर्ज रवाना केला.

महिनाभराने मोहतमिमसाहेब आले. घोड्यावरून उतरले, खुर्चीवर बसले, पाणी प्याले आणि खिशातून तो कागद काढला. मी हजेरीपट घेऊन बाजूला उभा. मौलवीसाहेब समोर.

“हे अक्षर कुणाचं?” साहेबांनी उर्दूत विचारलं. शाळेचे सगळे कागद मौलवीसाहेबांच्या हातचे जात. ते अक्षर साहेबांना पाठ होतं.

“माझं, हुजूर.”

“तुमच्याविरुद्धची तक्रार तुमच्याच हातची?”

“जी.”

“खोटी आहे?”

“नाही हुजूर. अक्षर न् अक्षर खरं आहे. कान धरतो. पोरं हसतात. बेअदबीही होत असेल.”

साहेबांना हसू आवरेना. रुमालाने डोळे पुसले. मग ते गंभीर झाले, हसल्याची भरपाई करायची असते तसे. “कुणी लिहवून घेतली?”

“अर्ज लिहवून घेणाऱ्याचं नाव मी कधी सांगत नाही, हुजूर. गाव मग माझ्याकडे येणार नाही.”

साहेब माझ्याकडे वळले. “मास्तर, तुम्हाला माहीत आहे?”

“मालूम नहीं, साहब,” मी म्हणालो. आयुष्यात मी उर्दूतलं एवढं एकच वाक्य न अडखळता बोललो.

मौलवीसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. न पाहण्याची त्यांनी काळजी घेतली.

साहेबांनी शेरा लिहिला. स्वतःविरुद्ध अर्ज लिहिणारा माणूस एक तर वेडा असतो, नाही तर थट्टेखोर, आणि शाळेला दोन्ही नकोत. बदली झाली ती मोमिनाबादेच्याही पलीकडे, धर्मापुरीच्या बाजूच्या एका खेड्यात. तीन दिवसांचा बैलगाडीचा रस्ता. त्यांच्या आंधळ्या आईला आमच्या गावातली वाट पायांनी पाठ झालेली होती. विहिरीपर्यंत आणि मशिदीपर्यंत ती हात न धरता जायची. गाडीत बसताना तिने विचारलं, “बेटा, वहाँ कुआँ किस तरफ है?” मौलवीसाहेब म्हणाले, “पोहोचलो की पाहू, अम्मा.” चार कोंबड्यांपैकी दोन त्यांनी माझ्या ओट्यावर सोडल्या. म्हणाले, “पंतजी, अंडी खात नसाल तर आवाज तरी ऐका. घर मुकं बरं नाही.”

त्यानंतर तट्ट्याच्या दोन्ही बाजूंना सारखीच शांतता झाली. मला हवी होती तशी.

ती मला आठ दिवससुद्धा सोसली नाही. हजेरी गळायला लागली. कुणी गुरांमागे गेलं, कुणाला ताप, कुणाचं पोट दुखतं. तुका पुन्हा दाराबाहेर पाहू लागला. मन्मथ शाळेत येई, पण बाकीच्यांच्या मागे, भिंतीला चिकटून बसे. त्याचं बसणं मला समोरूनही दिसायचं आणि पाठमोरा झालो तरी दिसायचं.

शेवटी मी धीर केला आणि एका सकाळी वर्गात जाऊन मोठ्याने सांगितलं, “सूर्य पश्चिमेला उगवतो.”

सगळा वर्ग एका सुरात म्हणाला, “सूर्य पश्चिमेला उगवतो.”

मी पुन्हा म्हणालो, “गाईला पाच पाय असतात.”

“गाईला पाच पाय असतात.”

धनगराच्या तुकानेही म्हटलं. आणि खाली मान घालून पाटीवर लिहून घेतलं.

माझ्या उभ्या नोकरीतली सगळ्यात मोठी नामुष्की ती. चाळीस डोळे माझ्या हाताकडे पाहत होते, हातात फोक आहे की नाही ते. नव्हती, पण त्यांना दिसत होती.

चार-पाच दिवस मी असाच पश्चिमेला सूर्य उगववत राहिलो. मग कळलं, की ज्या चुकीसाठी आधी कान धरायला हवेत ती मागेच राहिली आहे. मी मन्मथला पुढे बोलावलं. पोरगं भिंतीच्या कडेकडेने आलं. मी म्हणालो, “मन्मथ, बीडमधून कोणती नदी जाते?”

त्याने माझ्या हाताकडे पाहिलं. “तुमी म्हनाल ती, गुर्जी.”

हे वाक्य मी मरेपर्यंत विसरणार नाही. मी म्हणालो, “मी मांजरा म्हणालो होतो. ती चूक होती. बिंदुसरा. तू बरोबर होतास.” आणि कान धरले. पहिली उठाबशी, दुसरी, तिसरी. कुणी हसेना, कुणी मोजेना. मला मौलवीसाहेबांसारखी सवय नव्हती. चौथ्या उठाबशीला गुडघा कटकन वाजला आणि मी धोतरासकट मागच्या मागे बसलो.

“चार,” मन्मथ अगदी हळू म्हणाला. “गुर्जी, एक ऱ्हायली.”

मग हसले. आधी तुका, मग सगळे. मीही.

तिथून पुढे तीस वर्षं मी हे केलं. चार गावं बदलली, प्रत्येक गावात रोज एक चूक. हात बसला. चूक फार सोपी असू नये, फार कठीणही नको; रडवेल्या पोराच्या वाट्याला त्याला हमखास सापडेल अशी चूक ठेवावी; आणि आपली खरीखुरी चूक झाली तर ती मुद्दामच केली होती असं कधीही म्हणू नये. शेवटचा नियम पाळायला फार जड जातो. पोरं मला ‘हसरे मास्तर’ म्हणू लागली. ही युक्ती तुम्हाला सुचली कशी, असं लोक विचारत. मी म्हणायचो, “सुचली.” एवढंच. मौलवीसाहेबांचं नाव घेतलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता: मग ते तिथून का गेले?

त्यांची माझी गाठ एकदाच पडली. धर्मापुरीकडे एका लग्नाला गेलो होतो. वाट वाकडी करून त्यांच्या खेड्यात गेलो, सगळं सांगून टाकायचं असं मनाशी घोकत. शाळा लांबून ऐकू आली. ते आत बसून शिकवत होते, दाढी पार पांढरी, मेंदी लावणंही सोडलेलं. उठाबशा जमत नव्हत्या म्हणून नुसते कान धरत आणि पोरं त्यांच्या वतीने उठाबशा काढत. मला पाहून त्यांनी वर्गाला सांगितलं, “हे पंतजी. माझे दोस्त. तुमच्यासारखीच पोरं हसवतात, मी ऐकलंय.”

शाळा सुटल्यावर मी बोलायला तोंड उघडलं. “मौलवीसाहेब, तो अर्ज...”

“चूक सापडली का त्यातली?”

“नाही.”

“मग आधी शोधा. न शोधता उत्तर सांगणारा पोरगा मला आवडत नाही,” असं म्हणून त्यांनी मला चहा पाजला. त्यांच्या आईची कबर दाखवली, विहिरीच्या बाजूलाच. “तिला विहिरीची वाट सापडली अखेर,” म्हणाले. आणि बाकी सगळा वेळ तुका, मन्मथ, महादप्पांचा गूळ हेच विचारत बसले.

परतीच्या वाटेवर गाडीत मी त्या अर्जातला शब्द न् शब्द आठवू लागलो. धर्मापुरीच्या देवळाचा कळस मागे दिसेनासा होत होता तेव्हा मला एकदम चूक सापडली.

कान. कान धरण्याचं मी सांगितलंच नव्हतं. ‘हसवतो, एवढंच’ असं मी म्हणालो होतो. चौसाळ्याकडचा कुठला तरी मास्तर कान धरतो, हे मौलवीसाहेबांना कळायचं काही कारण नव्हतं. लिहितानाच त्यांना सगळं समजलं होतं. जाणूनबुजून, माझ्यासमोर, स्वतःच्या हाताने त्यांनी ती एक गोष्ट आत घातली आणि कागद हातातून सोडण्याआधी मला सांगितलंही, की सापडली तर पाठवू नको.

गाडी तिथून वळवायला हवी होती. अर्धा कोसही आलो नव्हतो. बैल घराकडे निघाले होते, मीही निघालो. पुढच्या वर्षी मौलवीसाहेब वारल्याचं कळलं.

हे सगळं मी मन्मथला सांगितलं, कालच. हात कापतो म्हणून इथवर मी सांगितलं आणि त्याने लिहून घेतलं; या शेवटच्या ओळी तेवढ्या माझ्या हातच्या. त्याला मारल्याचा भाग आला तेव्हा नुसती दौत पुढे ओढली. संपल्यावर कागद सारखे करत बसला.

मी म्हणालो, “पाटीवर मौलवीसाहेबांचं नाव घाल. आणि तो सत्कार राहू दे.”

“पाटी पुसून घेतो. रंग अजून वलाच हाय,” मन्मथ म्हणाला. “पन सत्कार व्हनार गुर्जी. गाव जमनार हाय, तुका लातूरहून यायलाय, त्याला माघारी धाडू का काय?”

“अरे, कोणत्या तोंडाने हार घेऊ मी?”

“तुमी नका घेऊ,” तो उठत म्हणाला. “आमीच घालू गळ्यात. तुमचे हात कानाला गुतलेले असतील.”